फायरप्लेस निवडण्याआधी चिमणी बघा

इंग्लंडात जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींचे मला दर सप्टेंबरात फोन येतात. हॉलमध्ये जुनी फायरप्लेस आहे, मागच्या मालकाने फळी ठोकून बंद केलेली. ती उघडून त्यात काय बसवू? बहुतेकांचं तोवर दुकानात जाऊन स्टोव्ह (लाकूड जाळायची बंद लोखंडी शेगडी) पसंत करून झालेलं असतं, काहींनी तर आगाऊ पैसेही भरलेले असतात. मग चिमणी बघायला माणूस येतो आणि सगळं अडतं. म्हणून सगळी तयारी इथे क्रमाने लिहिते. नियम सांगते आहे ते इंग्लंडचे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये थोडे वेगळे आहेत.

सगळ्यात आधी घरात बसून एकमेकांशी बोला: ऊब हवी आहे की जाळ बघायचा आहे? दोन्ही इच्छा रास्त आहेत, पण त्यांची उत्तरं वेगळी आहेत. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळलं तर बहुतेक उष्णता चिमणीवाटे वर जाते आणि जाताना खोलीतली तापलेली हवाही ओढून नेते. समोर बसलेल्याचे गुडघे भाजतात, पाठ गारच राहते. काचेचं दार असलेला बंद स्टोव्ह त्याच लाकडातून कितीतरी जास्त ऊब खोलीत ठेवतो. घरात दम्याचं माणूस, तान्हं बाळ किंवा हिवाळाभर राहायला आलेले आईबाबा असतील, तर लाकडाचा विचारच दोनदा करा. माझ्या आजीच्या चुलीला धुराडं नव्हतं. धूर कौलांतून जायचा, आढं काळंभोर झालं होतं आणि तिचा खोकला कधी थांबला नाही. सरपणाच्या वासाने मलाही गाव आठवतं, पण तो धूर छातीत जातो हे विसरून चालणार नाही. स्टोव्हचं दार उघडून लाकूड घालताना थोडा तरी धूर खोलीत येतोच.

मग चिमणी. इथे घाई करू नका. रस्त्यावर उभं राहून आधी छपराकडे बघा: चिमणी शाबूत आहे का, तिच्यावर झाकण बसवलंय का, विटांमधून झुडूप उगवलंय का. नंतर माळ्यावर टॉर्च घेऊन जा. कित्येक घरांत खालच्या किंवा वरच्या खोलीतला चिमणीचा भाग जागा वाढवायला कधीच पाडून टाकलेला असतो आणि वरचं धूड नुसतं आधारावर उभं असतं. असं असेल तर त्या चिमणीतून धूर काढायचा विषय तिथेच संपला. शाबूत असेल तर नोंदणीकृत चिमणी-सफाईवाल्याला बोलवा. आमच्या चिमणीत त्याने ब्रश घातला आणि वरून काटक्यांचा लोंढा कोसळला. जॅकडॉ नावाचा कावळ्याचा छोटा भाऊबंद इथे चिमणीत काटक्या टाकत टाकत घरटं रचतो. तीन मोठ्या पिशव्या भरल्या, त्यात मेंढीची लोकरही होती.

सफाईनंतर तो धुराची गोळी पेटवून चिमणीला ओढ आहे का आणि धूर कुठे झिरपतोय का हे तपासतो. ही तपासणी चालू असताना घरातल्या एकाने वरच्या खोल्यांत फिरायलाच हवं. मी फिरत होते, म्हणून दिसलं: मुलीच्या खोलीत, कपाटामागच्या कोपऱ्यात, भिंतीतून धुराचा दोऱ्यासारखा बारीक धागा वर चढत होता. शंभर-सव्वाशे वर्षांत विटांमधला चुना झडून गेला होता. त्या दिवशी तिथे गोळी होती, पुढे रोजची आग असती. अशा चिमणीत आतून स्टेनलेस स्टीलची नळी सोडावी लागते. तो खर्च स्टोव्हच्या किमतीत धरलेला नसतो; तो आधीच धरा. रांगेतल्या घरांत चिमणीचा वरचा मनोरा शेजाऱ्याशी सामायिक असतो, म्हणून त्यांनाही आधी विचारा. धूर त्यांच्या बेडरूममध्येही निघू शकतो.

पुढचं काम पाच मिनिटांचं. तुमचा पत्ता धूर-नियंत्रण क्षेत्रात येतो का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघा. डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर विषारी धुकं बसलं, हजारो माणसं गेली आणि 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा आला. ही क्षेत्रं तेव्हापासूनची. अशा क्षेत्रात उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळता येत नाही. सूट मिळालेला स्टोव्ह असेल तरच लाकूड, नाहीतर मान्यताप्राप्त बिनधुराचं इंधन. चिमणीतून धूर दिसला तर 300 पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. घर वारसा यादीतलं असेल किंवा फ्लॅट लीजवर असेल, तर परवानगीचा अर्ज आधी, बाकी सगळं नंतर.

आता प्रकार ठरवायला घ्या. चिमणी धड असेल, लाकूड रचायला अंगण असेल आणि रोज राख काढायची तयारी असेल तर लाकडाचा स्टोव्ह. 1 जानेवारी 2022 पासून नवीन स्टोव्ह इकोडिझाइनच्या, म्हणजे कमी धूर आणि जास्त ऊब देण्याच्या, निकषात बसणाराच विकावा लागतो. वापरलेला स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. बटण दाबून जाळ हवा असेल तर गॅस, त्यातही काच असलेला. चिमणीच नसेल तर बाहेरच्या भिंतीतून हवा घेणारा आणि धूर सोडणारा गॅसचा प्रकार मिळतो. भाड्याचं घर, फ्लॅट किंवा दम्याचं माणूस असेल तर मी सरळ विजेची सांगते. दोन किलोवॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो हे खरं, पण धूर नाही, काजळी नाही, परवानग्या नाहीत. आणि जाळ नुसता बघायचा असेल तर हीटर बंद ठेवून दिवा तेवढा लावता येतो. बायोइथेनॉलच्या, म्हणजे अल्कोहोलवर जळणाऱ्या, शोभेच्या शेगड्यांना चिमणी लागत नाही, तरी त्या खोलीतलाच ऑक्सिजन वापरतात आणि गरम असताना त्यात इंधन ओतलं तर भडका उडतो. लहान मुलांच्या घरात मी ती घेणार नाही.

स्टोव्हच ठरला असेल तर टेप काढा. खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि 14 ने भागा; ढोबळ मानाने तेवढे किलोवॅट पुरतात. चार बाय साडेचार मीटरची, 2.7 मीटर उंचीची खोली म्हणजे जवळजवळ 49 घनमीटर, म्हणजे साडेतीन किलोवॅट. दुकानदार आठ किलोवॅटचा दाखवेल. तो घेतलात तर खोली भट्टी होते, मग तुम्ही हवा बंद करून आग दाबून ठेवता, लाकूड धुमसतं, चिमणीत डांबरासारखी काजळी साचते आणि एक दिवस तीच पेट घेते. शिवाय पाच किलोवॅटच्या वरच्या स्टोव्हला जुन्या घरातही भिंतीत कायमचं हवेचं भोक पाडावं लागतं. स्टोव्हखाली दगडाची किंवा फरशीची बैठक लागते आणि ती दारासमोर निदान 225 मिलीमीटर पुढे यावी लागते. वर लाकडी फळी ठेवून त्यावर गणपती आणि फोटो मांडायचे असतील, तर फळी किती उंचावर हवी हे त्या स्टोव्हच्या पुस्तिकेत वाचा, अंदाजाने ठोकू नका.

बसवणारा माणूस लाकडाच्या स्टोव्हसाठी हेटासचा किंवा तशाच मान्य संस्थेचा नोंदणीकृत हवा, गॅससाठी गॅस सेफचाच. ओळखीतल्याने स्वस्तात बसवून दिलं तर कौन्सिलकडून वेगळी मंजुरी घ्यावी लागते, आणि कागद नसेल तर घर विकताना वकील अडवतो. प्रमाणपत्र घराच्या फाइलमध्ये लावा, विमा कंपनीलाही कळवा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र आजच घ्या, बाकी काही ठरलं नसलं तरी. त्या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते; माणूस सर्दी समजून पांघरूण ओढतो. लाकडाचा किंवा कोळशाचा नवा स्टोव्ह बसवताना अलार्म कायद्यानेच लागतो: स्टोव्हपासून एक ते तीन मीटरवर, छतावर किंवा भिंतीवर उंच.

जळण उन्हाळ्यातच भरा. दुकानातल्या लहान पोत्यांवर ‘रेडी टू बर्न’ची खूण बघा, म्हणजे ओल 20 टक्क्यांपर्यंतच असते. सुट्टं लाकूड घेतलंत तर ओल मोजायचं छोटं यंत्र घ्या आणि ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. बाहेरची साल नेहमी कोरडीच दाखवते. आमचं पहिल्या वर्षीचं लाकूड बाहेरून 17 दाखवत होतं, फोडल्यावर 31. त्या आठवड्यात काच रोज संध्याकाळी काळी व्हायची. ते सगळं परत छपराखाली रचलं, बाजू उघड्या ठेवून, आणि पुढच्या हिवाळ्यात जाळलं.

सफाईवाल्याची वेळ ऑगस्टमध्येच घेऊन ठेवा, ऑक्टोबरात कोणी मिळत नाही. स्टोव्ह बसला की पहिले दोन-तीन जाळ अगदी छोटे करा, खिडक्या सताड उघडून. नवीन रंग तापून पक्का होतो आणि त्याचा उग्र वास सुटतो. त्या दिवशी आईबाबांना दुसऱ्या खोलीत बसवा.