खुडूक कोंबडी बसवायची ती दिवाळी ते होळी

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, की बायका लगेच घरातली अंडी गोळा करून तिच्याखाली ठेवतात. मी आधी महिना बघते. आमच्या शहादा तालुक्यात दिवाळी ते होळी या दिवसांत बसवलेल्या कोंबडीची पिल्लं भराभर निघतात. चैत्र-वैशाखात बसवली तर निम्मी अंडी कुजतात. दोष कोंबडीचा नसतो. अंड्यातला जीव साधारण २० अंशांच्या खाली निजून राहतो, त्याहून ऊब मिळाली की हळूहळू वाढू लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ला टेकतो. म्हणजे कोंबडी बसायच्या आधीच अंडं फडताळात अर्धवट वाढतं आणि तिथेच मरतं. उन्हाळ्यात खुडूक झालीच, तर तिला चार-पाच दिवस जाळीच्या तळाच्या उघड्या पिंजऱ्यात ठेवा, दाणापाणी द्या. पोटाला गार हवा लागली की ती उठते. नाकात पीस खुपसायचा जुना प्रकार मला अजिबात पसंत नाही.

थंडीतली अंडी आठवडाभरातली चालतात. फार मोठं, अगदी गोल किंवा खरबरीत अंडं घेऊ नये. दोन अंडी एकमेकांवर हलकेच वाजवा. बद्द आवाज आला तर तडा आहे. अंडी धुवायची नाहीत, फ्रिजमध्येही ठेवायची नाहीत. टोक खाली करून ज्वारीत रोवून ठेवा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा फिरता हवा, नाहीतर सगळी मेहनत कोऱ्या, म्हणजे जीव न धरलेल्या अंड्यांवर. गावठी कोंबडीच्या पोटाखाली दहा-बारा अंडी नीट झाकली जातात. लोभाने पंधरा ठेवली की कडेची गार पडतात, मग ती आत सरकवते आणि आतली बाहेर येतात. गिरिराज, वनराज किंवा कडकनाथची पिल्लं हवी असतील तरी खाली बसायला गावठीच लागते. त्या जाती स्वतः फारशा खुडूक बसत नाहीत.

टोपलं बांबूचं, शेणाने सारवून वाळवलेलं. तळाला चाळलेली राख, वर कडुनिंबाचा वाळका पाला, त्यावर गव्हाचं काड, मध्ये ताटलीएवढा खळगा. राख आणि पाला उवांसाठी. उवा झाल्या की चांगली बसलेली कोंबडीही अंडी सोडून उठते. सासूबाई टोपल्यात एक खिळा आणि कोळसा ठेवतात, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. मी काढत नाही. दोन दिवस एखाद्या वाया गेलेल्या अंड्यावर बसवून बघा. हात घातल्यावर फुगून गुरगुरली, चोच मारली, पण जागा सोडली नाही, तर ती पक्की. मग रात्री सगळी अंडी एकदमच मांडा आणि प्रत्येकावर पेन्सिलने खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या तिथेच येऊन अंडं घालतात. बिनखुणेचं रोज काढायचं.

ती दिवसातून एकदा उठते, खाते, पिते, घाणेरड्या वासाची मोठी विष्ठा टाकते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. तेवढी मोकळीक द्या. बाकी सासूबाई म्हणतात तसं, ‘तिले तिन्हं काम करू दे.’

सातव्या-आठव्या रात्री अंधारात मोबाइलची बॅटरी अंड्याच्या रुंद बाजूला टेकवा. लाल शिरांचं कोळीजाळं आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर जीव आहे. लख्ख दिसलं तर कोरं. नुसतंच रक्ताचं कडं दिसलं तर जीव मेला. ही दोन्ही काढून टाका. कुजलेलं अंडं फुटलं तर बाकीचीही जातात. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. एकविसाव्याच्या आसपास कवचाला टवका पडतो. पिल्लू बाहेर यायला अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस लागतो. मदत म्हणून कवच सोलायला गेलात तर रक्त येतं, कारण शिरा अजून आटलेल्या नसतात.

निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलक असतो, त्यावर पहिला दिवस निघतो. मग तांदळाची कणी किंवा दादर ज्वारीचा बारीक भरडा. पाणी उथळ ताटलीत, आत खडे टाकून, नाहीतर पिल्लं बुडतात. पहिला आठवडा आई-पिल्लं डाल्याखालीच, म्हणजे उपड्या टोपलीखाली. घार, मुंगूस आणि शेजारचं मांजर, तिन्ही वाट बघत असतात. पेरणीच्या दिवसांत विषारी रंगीत औषध लावलेलं बियाणं अंगणात सांडलेलं राहू देऊ नका.

वाळवीइतकं चांगलं खाणं दुसरं नाही. जुन्या मडक्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांचे तुकडे, वाळकं शेण आणि फाटका गोणपाट भरून पाणी शिंपडा आणि वाळवी लागलेल्या बांधावर संध्याकाळी उपडं घाला. सकाळी मडकं झटका. आई कुडुककुडुक करून बोलावते आणि पिल्लं मिनिटात फडशा पाडतात.

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून चार घरांनी मिळून एकाच सकाळी लस टोचून—म्हणजे थेंब घालून—घ्यावी. कुपी बर्फात आणायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा थेंब. कोंबड्या एकाएकी पटापट मरायला लागल्या तर कापून वाटू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला होता.

दीड-दोन महिन्यांनी आई पिल्लांना टोचून लांब हाकलायला लागते आणि पुन्हा अंड्यावर येते. त्याच सुमाराला, आठव्या आठवड्यात, मानमोडीच्या आर-टू-बी लसीचं इंजेक्शन करून घ्या.