सील बदलूनही ऑइल गळतंय? पीसीव्ही व्हॉल्व्हच्या या चुका टाळा

टॅपेट कव्हरची पॅकिंग नवी, क्रँकचं ऑइल सील नवं, तरी काही दिवसांत तिथूनच ऑइल पाझरतं. सर्वांत महागात पडणारी चूक हीच: इंजिनाच्या आतला दाब न तपासता सील बदलणं.

पिस्टनच्या रिंगा उत्तम असल्या तरी जळालेला थोडा गॅस पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या, क्रँक फिरतो त्या भागात उतरतोच. सोबत वाफ आणि न जळालेलं इंधनही असतं. इनटेक मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम हे सगळं पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, म्हणजे क्रँककेसमधला गॅस सोडणाऱ्या झडपेतून, ओढून पुन्हा जाळायला नेतो आणि ब्रीदर पाइपातून फिल्टर झालेली हवा आत येते. व्हॉल्व्ह चोंदला की दाब कोंडतो. मग गॅस सीलमधून वाट काढतो, डिपस्टिक वर ढकलतो, ब्रीदरमधून उलटा जाऊन एअर फिल्टर तेलकट करतो. आत ऑइलचा गाळ होतो, तो वेगळाच.

व्हॉल्व्ह कव्हरमध्ये खोचलेला असेल, तर पाइप तसाच ठेवून तो बाहेर काढा, इंजिन आयडलिंगला ठेवा आणि टोकावर बोट धरा. जोरदार ओढ जाणवली पाहिजे. नसेल तर व्हॉल्व्ह, पाइप किंवा मॅनिफोल्डचं भोक बंद आहे. नुसता हलवून खडखड ऐकणं पुरेसं नाही. त्यावरून आतला दट्ट्या सुटा आहे एवढंच कळतं, स्प्रिंग मऊ पडली असेल तर ते कळत नाही.

दाब दिसला की लगेच ‘रिंगा गेल्या’ म्हणून इंजिन उघडायची घाई नको. आधी व्हॉल्व्ह बदला, मग कॉम्प्रेशन तपासा.

उलटा बिघाडही होतो. व्हॉल्व्ह उघडाच अडकला किंवा डायफ्रॅम (काही व्हॉल्व्हमधला रबरी पडदा) फाटला, तर जादा हवा आत शिरते: आयडलिंग वर-खाली होतं, शिट्टीसारखा आवाज येतो, पी०१७१ कोड (हवेच्या मानाने इंधन कमी असल्याची खूण) येतो. डायफ्रॅम फाटल्यावर कधीकधी ऑइलचं झाकण ओढीमुळे चटकन निघत नाही. लोक मात्र सेन्सर बदलत बसतात.

डायफ्रॅमवर कार्ब्युरेटर क्लीनर मारू नका, रबर खराब होतं. कूलंटचा पाइपही इथे लावू नका; ऑइलने तो मऊ पडतो आणि ओढीने चपटतो. आकाराने सारखा दिसणारा दुसऱ्या इंजिनाचा व्हॉल्व्हही नको, त्याची स्प्रिंग वेगळी असते. आणि ब्रीदर पाइप बंद करणं किंवा उघड्यावर सोडणं तर अजिबात नको.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली तर घाबरू नका. थंडीत गाडी रोज थोडंच अंतर चालली की इंजिन नीट तापत नाही आणि वाफ ऑइलात मिसळते. कूलंट कमी होत नसेल तर हेड गॅस्केटवर संशय घेण्याआधी व्हॉल्व्ह बघा, आणि नवा बसवताना त्याचं कडक झालेलं रबर ग्रोमेटही बदला.