वकिलाची फी परवडत नसेल, तर आधी तालुका न्यायालयात चौकशी करा

जमिनीचा, घराचा किंवा मुलांनी सांभाळण्याचा प्रश्न उभा राहिला की अनेक वृद्ध माणसे केवळ फीच्या धास्तीने गप्प बसतात, याचे मला फार वाईट वाटते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, तेथे मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले म्हणणे लिहून घेऊन त्याखाली अंगठा घेतला जातो. वकिलाचे मानधन प्राधिकरण देते, म्हणून कोणी वरखर्च मागितल्यास तो न देता सचिवांना कळवावे. प्रवास झेपत नसेल तर आधी १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

मुले सांभाळत नसतील तर वकिलाचीही गरज नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात साठी पूर्ण केलेल्यांना निर्वाहभत्त्याचा अर्ज स्वतः करता येतो, आणि प्रकृती साथ देत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय व्हावा, असे कायदा सांगतो. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने घर दिले आणि पुढे ती अट पाळली गेली नाही, तर कलम २३ प्रमाणे ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. मात्र ती अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली असावी, कारण तोंडी आश्वासन सिद्ध करणे फार अवघड जाते.

जाण्यापूर्वी कागद लावून ठेवावेत. माझी मावशी सातबारा, पासबुक आणि औषधांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत घेऊन गेली, आणि नेमका बक्षीसपत्राचा कागद घरीच राहिला. त्यानंतर आम्ही एका पानावर तारीखवार घडलेले लिहिले, प्रत्येक दस्ताच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि मूळ प्रती घरी ठेवल्या. त्या पानामुळे पुढच्या भेटीत वकिलांना सगळे पटकन समजले. अर्ज दिल्यावर पोच घेण्यास विसरू नये. न्यायाधिकरणाचा आदेश मान्य नसेल तर ज्येष्ठांना ६० दिवसांत अपील करता येते.