एवर्ट टोब ऐकायचाय? मग सुरुवात अशी करा

सगळ्यात आधी उच्चार. स्पेलिंग बघून आपण बिनधास्त 'टाउबे' म्हणतो, मीपण कित्येक महिने तेच म्हणत होतो आणि ऑफिसातले स्वीडिश लोक सभ्यपणे ऐकून घेत होते, कारण तोंडावर चूक काढायची इथे फारशी पद्धत नाही. नाव आहे टोब. एवर्ट टोब, स्वीडनचा लाडका जुना गीतकार आणि गायक. पाकिटात रोख पैसे असतील (हल्ली स्वीडनमध्ये कोण बाळगतं म्हणा) तर 50 क्रोनरची नोट काढून बघा, 2015 पासून तिच्यावर हाच आहे. त्याच्या आधीच्या पन्नासच्या नोटेवर ऑपेरावाली येनी लिंड होती, म्हणजे ही नोट जणू गाणाऱ्यांसाठीच राखीव ठेवलीय.

आता मुद्दा. बहुतेक जण काय करतात, ॲपवर नाव टाकतात आणि जे वर येईल ते लावतात. तसं करू नका. वर येतात ती सगळी उन्हाळ्यातली, फुलाबिलांची, मिडसमरच्या, म्हणजे जूनमधल्या सणाच्या जेवणात हेरिंग मासे आणि बटाट्यांसोबत सगळे मिळून गातात ती गाणी, आणि मग आपला समज होतो की हा एक खुशालचेंडू आजोबा होता. मी दोन वर्षं याच समजात काढली. त्याचं आयुष्य ज्या क्रमाने गेलं त्या क्रमाने ऐका, मग तीच फुलांची गाणी वेगळी लागतात.

सुरुवात विंगापासून. गोथेनबर्ग शहराच्या बाहेर, समुद्रात पार टोकाला असलेलं हे खडकाळ बेट, झाड म्हणाल तर नावाला. टोबचा जन्म 1890 चा, गोथेनबर्गचा, पण वाढला इथे, कारण वडील विंगाच्या दीपगृहाचे प्रमुख होते. घरात तेरा भावंडं. उन्हाळ्यात तिकडे बोट जाते, जमलं तर जाऊन या आणि ती राहती जागा बघा, जाकीट मात्र जुलैतसुद्धा न्या. मग 1919 चं त्याचं पहिलं गाण्यांचं पुस्तक, खलाशांची सात गाणी आणि 'ब्यूसान लुल'. हे शेवटचं आधी लावा. अंगाई आहे, चाल लोकांची, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, आणि शब्द टोबचे. त्याच्या पुढच्या सगळ्या कामाची चावी इथेच सापडते असं मला वाटतं: लोकांच्या ओठावर आधीच जे आहे तिथून उचलायचं आणि त्यात आपण पाहिलेला समुद्र घालायचा.

पुढचा टप्पा बोटीवरचा. विशीच्या आतच हा समुद्रावर गेला, तांबडा समुद्र, सिलोन, दक्षिण आफ्रिका असं फिरला आणि 1910 ते 1915 अर्जेंटिनात राहिला. इथे एक गैरसमज काढून टाका. गाणी ऐकून वाटतं की हा पाम्पाच्या माळावर घोड्यावरून गुरं हाकत होता, पण प्रत्यक्षात तो पुराचं पाणी काढून द्यायला जे कालवे खणत होते तिथल्या मजुरांवर मुकादम होता! मला तर हे कळल्यावर तो जास्तच आवडायला लागला. या टप्प्यासाठी 'फ्रितियोफ ओक कार्मेन्सिता' ऐका, चक्क टँगो आहे, खलाशी फ्रितियोफ एका मुलीसोबत नाचतो अशी गोष्ट. अर्जेंटिनाचा टँगो स्वीडनमध्ये रुजवण्यात टोबचा मोठा हात होता, त्यामुळे ताल आधी पकडा, शब्द नंतर.

शब्दांचं काय करायचं? भाषांतराचं ॲप इथे साफ आपटतं, कारण जुनी स्वीडिश, त्यात खलाशांची बोली, त्यात मधूनच स्पॅनिश. एका दिवशी एकच कडवं घ्या, वहीत उतरवा, आणि अडलं की कुठल्यातरी म्हाताऱ्या माणसाला विचारा. मी आमच्या बिल्डिंगच्या कॉमन लाँड्रीत शेजारच्या आजींना एक शब्द विचारला होता, दोन वर्षांत आमचं 'हेय'च्या, म्हणजे नमस्काराच्या, पुढे कधी गेलं नव्हतं, तर त्यांनी चादरी घडी करता करता सगळी कडवी म्हणून दाखवली आणि माझा वॉशिंग मशीनचा स्लॉट संपला.

आता ती प्रसिद्ध गाणी घ्या. 1931 चं 'काल्ले शेवेन्स वाल्स'. दादरा येत असेल तर वॉल्ट्झचा बाऊ नको, तीन-तीन मात्रा मोजत मांडीवर टाळी द्या, बसतं. हा काल्ले शेवेन खरा माणूस, टोबचा दोस्त, स्टॉकहोमजवळच्या द्वीपसमूहात राहणारा. उलट 'शोसाला वाल्स'मधला, सकाळी अंथरुणातून उडी मारून नाचत सुटणारा रोन्नेरदाल हा रचलेला, आणि शोसाला मात्र टोबचं खरोखरचं घर, जे 1969 मध्ये जळून गेलं. खरी माणसं, खोटी माणसं आणि नकाशावर सापडणाऱ्या जागा, सगळं एका सुरात. म्हणून वहीत दोन रकाने करा, खरं आणि रचलेलं. मजा येते. स्वतः गायचं असेल तर 1948 चं, समुद्र इतका कधी चमकला नव्हता असं सांगणारं प्रेमगीत घ्या, छोटं आहे आणि दम लागत नाही.

आवाज कोणाचा, यावर इथे भांडणं होऊ शकतात. खुद्द टोब ल्यूट (गिटारसारखं तंतुवाद्य) घेऊन गातो तेव्हा अर्धं बोलतो, अर्धं गातो, गोड आवाजाची अपेक्षा ठेवू नका. मुलगा स्वेन-बेर्तिल अभिनेता, त्याचं गाणं एकदम इस्त्री केलेलं, शब्द स्पष्ट, भाषा शिकणाऱ्यांना तोच बरा. आणि मूळचा हॉलंडचा कोर्नेलिस व्रेसवेक, त्याने 1969 मध्ये अख्खी रेकॉर्ड टोबच्या गाण्यांची केली, खरबरीत, जरा मस्तीखोर. माझं मत कोर्नेलिसला. बेलमन वगैरे अठराव्या शतकातली गीतकार मंडळी टोबच्याही मागे उभी आहेत, पण त्यांच्यात आत्ताच शिरू नका, हरवाल.

शेवटी 'एंग्लामार्क'. 1971, म्हणजे गडी 81 वर्षांचा, एका सिनेमासाठी लिहिलेलं आणि मुलाने गायलेलं. फुलं, पाणी, माती सगळं आहे, पण आता ते वाचवा म्हणून सांगणं आहे. विंगाच्या उघड्या खडकांपासून इथवर क्रमाने आलात तर त्या फुलांना किती वर्षांचं वजन आहे ते जाणवतं. गंमत म्हणजे कूप दुकानाच्या ऑरगॅनिक मालाचं नाव याच गाण्यावरून ठेवलंय, त्यामुळे गाणं ऐकायच्या कितीतरी आधी ते माझ्या फ्रिजमध्ये होतं.