अस्वलाचा वावर कसा ओळखावा

मेळघाट, ताडोबा किंवा बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्याच्या परिसरात पायी जाणाऱ्याला अस्वलापूर्वी त्याच्या खुणा दिसायला हव्यात. हे जनावर मुख्यतः नाकावर विसंबते आणि खाण्यात गढले असताना माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला चाहूल लागत नाही. मग ते दचकून अंगावर येते.

प्रथम वारुळे पाहावीत. वाळवी आणि मुंग्या हे अस्वलाचे आवडते खाद्य. सहा-आठ सेंटीमीटर लांबीच्या, फिकट रंगाच्या वाकड्या नखांनी ते वारूळ फोडते, फुंकरीने माती उडवते आणि लांब ओठांची नळी करून वाळवी ओढून घेते. वरचे मधले दोन दात त्याला नसतात व नाकपुड्या हव्या तेव्हा मिटता येतात, त्या याच कामासाठी. हा फुरफुराट शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. फुटलेल्या वारुळात वाळवीची धावपळ अजून चालू असेल, तर आल्या वाटेने परतावे.

धुळीतल्या ठशात पुढच्या पंजाची पाचही बोटे जवळजवळ एका ओळीत असतात आणि त्यांच्या बऱ्याच पुढे नखांचे ठिपके उमटतात. वाघ-बिबट्याच्या ठशात सहसा नखे दिसत नाहीत. मागचे पाऊल मात्र माणसाच्या अनवाणी पावलाची आठवण करून देते. (नखांवरूनच 1791 मध्ये एका इंग्रज निसर्गअभ्यासकाने याला झाडाला लोंबकळणाऱ्या स्लॉथचा भाऊबंद ठरवले होते.) विष्ठेत मुंग्यांची टरफले आणि बोर, टेंभुर्णी, जांभूळ, बहावा यांपैकी त्या ऋतूतल्या फळांच्या बिया सापडतात.

सर्वाधिक सावधगिरी मार्च-एप्रिलमध्ये हवी. मोहफुले वेचायला माणसे पहाटे निघतात आणि अस्वलही त्याच वेळी त्याच झाडाखाली येते. म्हणून पुरते उजाडल्यावर, दोघा-चौघांनी मोठ्याने बोलत जावे. खडकाळ टेकड्यांतील कपारी आणि दाट झुडपे टाळावीत, कारण दिवसाची विश्रांती ते तेथे घेते.

काळे, झिपरे केस आणि छातीवरचा इंग्रजी ‘व्ही’सारखा पांढुरका पट्टा दिसला, तर पळू नये, तोंड त्याच्याकडेच ठेवून सावकाश मागे सरावे. झाडावर चढण्याचा उपयोग नाही, कारण मधासाठी तेही चढते. मादीच्या पाठीवर पिल्ले बसलेली असतील, तर अंतर दुप्पट ठेवावे.