कर्नल शिकायचाय? आधी बूटलोडर बाजूला ठेवा

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला शिकायचं म्हटलं की बरेच जण पहिल्याच दिवशी बूट सेक्टर, म्हणजे कर्नल मेमरीत आणणाऱ्या बूटलोडरचा पहिला तुकडा, लिहायला बसतात. ५१२ बाइट, त्यातले शेवटचे दोन हेक्समध्ये ५५ आणि एए. बायोस (यंत्र चालू होताच चालणारा प्रोग्रॅम) ते सगळं ७सी०० या पत्त्यावर आणून ठेवतो, पडद्यावर एक अक्षर उमटतं आणि भारी वाटतं. मग ए२० लाइन, जीडीटी, प्रोटेक्टेड मोड, लाँग मोड, ही सगळी इंटेल प्रोसेसरची पूर्वतयारी. दोन महिने असेच जातात आणि कळलेलं असतं ते जुन्या पीसीचं पुराण. शेड्यूलर (सीपीयू कुणाला कधी ते ठरवणारा), पेजिंग (मेमरीची ठरावीक मापाच्या पानांत वाटणी), लॉक (एकाच डेटाला एका वेळी एकानेच हात लावायची सोय), फाइल सिस्टिम यांना अजून हातही लागलेला नसतो. त्यामुळे क्रम उलटा ठेवा: आधी दुसऱ्याने लिहिलेला, चालता, छोटा कर्नल वाचायचा, त्यात मोडतोड करायची आणि स्वतःचा मग लिहायचा.

त्याआधी सी भाषा यायला हवी, आणि परीक्षेपुरती नाही. स्वतःची चाचणी अशी घ्या. १ एमबीची एक स्थिर अ‍ॅरे घ्या, ४०९६ च्या पटीत अलाइन करून तिचे ४०९६ बाइटांचे २५६ तुकडे पाडा आणि ते वाटणारा व परत घेणारा अ‍ॅलोकेटर लिहा. अट एकच, हिशेबासाठी वेगळी जागा वापरायची नाही. रिकाम्या तुकड्याच्या पहिल्या आठ बाइटांतच पुढच्या रिकाम्या तुकड्याचा पत्ता लिहून यादी बांधायची. काम तीस-चाळीस ओळींचं आहे. मग मुद्दाम एकच तुकडा लागोपाठ दोनदा परत करून बघा. यादी स्वतःलाच जोडली जाते आणि पुढचे सगळे मागणारे तोच तुकडा घेऊन जातात. असं का झालं ते कागदावर काढून दाखवता आलं तर सी पुरेशी आहे. नाही आलं तर पॉइंटरवर आणखी पंधरा दिवस घाला, ते फुकट जात नाहीत. असेंब्ली (प्रोसेसरच्या थेट सूचनांची भाषा) मात्र लिहिता यायची गरज नाही, वाचता आली की भागतं.

सिद्धान्तासाठी एकच पुस्तक धरा: रेम्झी आणि आंद्रिया अर्पाची-दुसो यांचं ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स: थ्री ईझी पीसेस’. लेखकांनीच ते नेटवर मोफत ठेवलंय. व्हर्च्युअलायझेशन, कॉन्करन्सी आणि पर्सिस्टन्स असे त्याचे तीन भाग आहेत. सगळं संपवून मग कोडकडे वळू, असं ठरवलं तर कोड कधीच उघडला जात नाही. पहिल्या भागातली पेज टेबल (प्रोग्रॅमचे पत्ते खऱ्या मेमरीशी जोडणारा तक्ता) आणि टीएलबी (त्यातल्या नोंदींचा सीपीयूतला झटपट साठा) यांची प्रकरणं झाली की थांबा आणि एक्सव्ही६ उतरवून घ्या.

एक्सव्ही६ हा एमआयटीत २००६ मध्ये शिकवण्यासाठी लिहिलेला कर्नल. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सचा आराखडा त्यात नव्या सीमध्ये मांडलाय. २०१९ पासून तो रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेवर चालतो, म्हणजे इंटेलच्या जुन्या अडगळीतून सुटका. त्याच्यासोबत शंभरेक पानांचं स्पष्टीकरणाचं पुस्तक आहे, तेही मोफत. लिनक्सच्या कोट्यवधी ओळींसमोर हा कर्नल काही हजार ओळींचा आहे आणि अख्खा वाचून होतो. सुरुवातीला याहून मोठा गुण दुसरा नाही.

उबंटू किंवा डेबियनवर चार गोष्टी लागतात: नेहमीची बिल्ड साधनं, रिस्क-फाइव्हसाठीचा जीसीसी क्रॉस-कंपायलर (आपल्या यंत्रावर दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा), क्यूईएमयू (सॉफ्टवेअरमधलं नकली यंत्र) आणि बहुआर्किटेक्चर जीडीबी हा डिबगर. मेक या बिल्ड साधनाला क्यूईएमयू हे लक्ष्य दिलं की शेल उघडतं. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स. हे माहीत नसल्यामुळे टर्मिनल मारून टाकणारे कमी नाहीत. डिबगरसाठी दोन टर्मिनल उघडा, एकात क्यूईएमयू-जीडीबी हे लक्ष्य चालवा, दुसऱ्यात त्याच फोल्डरमधून जीडीबी. जीडीबी जोडलाच गेला नाही तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: फोल्डरमधली .जीडीबीइनिट फाइल सुरक्षिततेच्या नावाखाली वाचायला तो नकार देतो. नकाराच्या त्याच संदेशात होम फोल्डरच्या .जीडीबीइनिटमध्ये टाकायची ओळही छापून येते, ती जशीच्या तशी टाका. आणि डिबग करताना सीपीयूची संख्या १ ठेवा. मूळ सेटिंग ३ चं आहे, त्यात एकेक पायरी पुढे जाताना भलत्याच सीपीयूवर जाऊन पोचायला होतं.

पहिला प्रयोग: किती पानं मोकळी आहेत ते सांगणारा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायची वाट). वर लिहिलेला अ‍ॅलोकेटर इथे के-अ‍ॅलोक.सी मध्ये जवळजवळ तसाच भेटतो. त्यात एक फंक्शन लिहून, लॉक घेऊन, मोकळी यादी मोजायची. पण तो कॉल वरपर्यंत पोचवायला बऱ्याच ठिकाणी हात लावावा लागतो आणि कुठे विसरलात ते चूकच सांगते. यूजर.एच मध्ये घोषणा नसेल तर कंपायलर अडवतो. यूसिस.पीएल मध्ये नोंद नसेल तर लिंकरला नाव सापडत नाही. सिसकॉल.एच मध्ये क्रमांक द्यायचा. मूळ कॉल २१ आहेत, म्हणून नवा २२. सिसकॉल.सी मधल्या फंक्शन पॉइंटरच्या अ‍ॅरेत नाव घालायचं राहिलं तर सगळं बिनबोभाट बिल्ड होतं आणि चालवल्यावर ‘अननोन सिस कॉल २२’ छापून येतं. प्रत्यक्ष काम करणारं फंक्शन सिसप्रॉक.सी मध्ये. तपासणीचा प्रोग्रॅम मेकफाइलच्या यूप्रॉग्स यादीत नसेल तर शेल म्हणतं एक्झेक फसला, कारण तो डिस्कच्या प्रतिमेवर गेलेलाच नसतो.

आकडा परत मिळाला की तोच आकडा वापरकर्त्याने दिलेल्या पत्त्यावर लिहून द्यायचा प्रयत्न करा. तो पॉइंटर थेट वापरला की कर्नल कोसळतो, कारण एक्सव्ही६ मध्ये कर्नलचं पेज टेबल वेगळं आहे आणि वापरकर्त्याचा पत्ता त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. वापरकर्त्याच्या पत्त्यावर डेटा पोचवणाऱ्या कॉपीआउट या फंक्शनचं कारण तेव्हा खरं समजतं.

कर्नल कोसळल्यावर छापून येणारे तीन आकडे वाचायला शिका, अर्धं शिक्षण तिथेच होतं. एस-कॉज म्हणजे कारण: १२ असेल तर सूचना आणताना पेज फॉल्ट (त्या पत्त्याची पेज टेबलमध्ये नोंद किंवा परवानगी नसणं), १३ वाचताना, १५ लिहिताना. हे हेक्समध्ये येतं, म्हणून १५ तिथे एफ दिसतो. एस-टीव्हॅल म्हणजे कुठल्या पत्त्याला हात लावताना घडलं, आणि एसईपीसी म्हणजे कुठल्या सूचनेवर. समजा कारण १५ आणि पत्ता हेक्स १८ आहे. इतका लहान पत्ता दिसला की नल (शून्य पत्त्याच्या) पॉइंटरच्या आतलं फील्ड समजायचं. हेक्स १८ म्हणजे २४, आणि प्रोसेसच्या स्ट्रक्चरमध्ये २४ बाइटांचा स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत सीपीयू तिथेच फिरत राहतो असा लॉक) संपल्यावर लगेच स्टेट येतं. म्हणजे कुणीतरी लॉक न घेता नल प्रोसेसची स्टेट बदलायला गेलंय. आता एसईपीसीचा आकडा बिल्डनंतर तयार होणाऱ्या कर्नल.एएसएम मध्ये शोधा, सीची नेमकी ओळ शेजारीच छापलेली असते. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅममध्ये मात्र हा नियम लावू नका. तिथे पत्ता शून्यावर प्रोग्रॅमचा कोडच बसलेला असतो, त्यामुळे नल पॉइंटर वाचला तर काहीही न कोसळता निमूटपणे कचरा हातात येतो.

एमआयटीच्या अभ्यासक्रमाचे प्रयोगही खुले आहेत. वेळ कमी असेल तर पेज टेबल, ट्रॅप (प्रोग्रॅममधून कर्नलमध्ये शिरणं) आणि कॉपी-ऑन-राइट (कुणी लिहीपर्यंत पानाची प्रत न काढता ते वाटून वापरणं) हे तीन चुकवू नका. कॉपी-ऑन-राइटमध्ये प्रत्येक भौतिक पानाला किती जण धरून आहेत याची मोजणी ठेवावी लागते. नेहमीची चूक अशी की पेज फॉल्टची बाजू सांभाळली जाते आणि कॉपीआउट विसरतं. मग साधे प्रोग्रॅम चालतात, पण पाइपमधून वाचताना घोळ होतो. लॉकच्या प्रयोगात ‘पॅनिक: अ‍ॅक्वायर’ आलं तर तोच लॉक त्याच सीपीयूने पुन्हा मागितलाय, ‘पॅनिक: शेड लॉक्स’ आलं तर स्पिनलॉक हातात ठेवून कुणीतरी झोपायला गेलंय.

एवढं झाल्यावर स्वतःचा कर्नल खुशाल लिहा. ओएसडेव्ह विकी तेव्हा फार उपयोगी पडतो, मात्र तिथली सगळी पानं सारख्या दर्जाची नाहीत. शंका आली की प्रोसेसर बनवणाऱ्याचं मॅन्युअल खरं मानायचं. बूटलोडर तयार वापरा, ग्रब किंवा लिमाइन. इंटेल ६४-बिटवर तीन खड्डे ठरलेले आहेत. एक, कंपायलर स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट आपलेच समजून वापरतो (हाच रेड झोन) आणि इंटरप्ट (हार्डवेअरची मध्येच येणारी हाक) आला की ते पुसले जातात. रेड झोन बंद करणारा पर्याय दिला नाही तर चुका कधीमधी उगवतात आणि सापडत नाहीत. दोन, जुन्या इंटरप्ट कंट्रोलरचा टायमर सुरुवातीला ८ व्या क्रमांकावर येतो आणि तोच क्रमांक डबल फॉल्टचा (एक चूक सांभाळताना झालेल्या दुसऱ्या चुकीचा) आहे. इंटरप्ट सुरू करण्याआधी कंट्रोलरचे क्रमांक ३२ पासून पुढे हलवा. तीन, टायमर एकदाच वाजून गप्प झाला तर इंटरप्ट संपल्याची पोच द्यायची राहिलीय. यंत्र सारखं रीबूट होत असेल तर तो ट्रिपल फॉल्ट, म्हणजे डबल फॉल्टही सांभाळता आला नाही. क्यूईएमयूला रीबूट करू नको आणि इंटरप्टची नोंद छाप असे दोन पर्याय द्या, आणि शेवटचा नाही तर पहिला फॉल्ट बघा.

लिनक्सकडे जायचं तर व्हर्च्युअल मशीनमध्येच जा, स्नॅपशॉट घेऊन. साधं मॉड्यूल (चालू कर्नलमध्ये घालायचा कोडचा तुकडा) भरताना ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ आलं तर हेडर एका आवृत्तीचे आणि चालू कर्नल दुसरा, असं असतं. ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ या पुस्तकाची तिसरी आवृत्ती २००५ ची, २.६.१० साठीची. कल्पना समजायला ती अजून चांगली आहे, पण तिच्यातला कोड आज कंपाइल होईल ही आशा सोडा. चालू कोडमध्ये एखादं फंक्शन कुठे कुठे वापरलंय ते बूटलिनच्या एलिक्सिर या साइटवर ब्राउझरमध्येच दिसतं, आणि बदल का झाला याची चर्चा एलडब्ल्यूएन या बातम्यांच्या साइटवर सापडते.

लिनक्सला पाठवायचा पहिला पॅच (कोडमधला बदल) स्टेजिंग, म्हणजे अजून कच्च्या, ड्रायव्हरमधला छोटासा असू दे. आधी लिनक्ससोबतच येणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट चालवा, मग गेट-मेंटेनर ही दुसरी स्क्रिप्ट कुणाला पाठवायचं ते सांगेल. वेबमेलमधून चिकटवून पाठवलात तर टॅबची स्पेस होते आणि पॅच लागतच नाही, म्हणून गिटचाच सेंड-ईमेल वापरा. पहिला मेल स्वतःलाच पाठवून तो लागतो का बघा. उत्तराला एक-दोन आठवडे द्या. सुधारून पाठवताना विषयात व्ही२ लिहा आणि काय बदललं ते तीन डॅशच्या रेघेखाली. रेघेच्या वर लिहिलंत तर ते कायमचं इतिहासात जातं.