वायफायचा पासवर्ड म्हणून मोबाईल नंबर ठेवलाय? आजच बदला

कनेक्शन जोडायला आलेला मुलगा विचारतो पासवर्ड काय ठेवू, आणि आपण घाईत मोबाईल नंबर सांगून मोकळे होतो. तो नंबर अख्ख्या सोसायटीकडे असतो. आणि नसला तरी आपले नंबर ६ ते ९ नेच सुरू होतात, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी, आणि तुमचा फोन वायफायला जोडताना होणारी देवाणघेवाण कुणी एकदा पकडली की पुढचं सगळं घरी बसून होतं, चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो पासवर्ड तपासतं.

नेट स्लो होतं एवढ्यावर हे थांबत नाही. २००८ मध्ये अहमदाबाद बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारा ईमेल दुसऱ्याच कुणीतरी नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून पाठवला होता, आणि पोलीस आधी त्या घरी पोचले. आयपी अ‍ॅड्रेसवरून (म्हणजे इंटरनेटवरचा कनेक्शनचा नंबर) कनेक्शन ज्याच्या नावावर आहे तोच सापडतो ना.

तर राउटर उलटा करा, खालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाका. आधी या पेजचा लॉगिन पासवर्ड बदला, हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि बरेच जण तो तसाच ठेवतात.

मग वायरलेस सेटिंगमध्ये सिक्युरिटी, म्हणजे वायफायच्या कुलपाचा प्रकार, डब्ल्यूपीए३ (WPA3) करा, जुने फोन असतील तर डब्ल्यूपीए२ एईएस (WPA2-AES). पासवर्ड म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द, फणस रिक्षा पाटी मांजर असलं काहीतरी, इंग्रजी अक्षरांत (हेच नका ठेवू!). २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसत असतील तर दोन्हीकडे बदला, एक हमखास राहतं.

डब्ल्यूपीएस (WPS), म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय, बंदच करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो. नेटवर्कचं नाव लपवण्यात मात्र वेळ घालवू नका, वायफाय स्कॅन करणाऱ्या फुकट टूल्सना ते सापडतं.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा, टीव्ही आणि स्मार्ट बल्बही त्यावरच टाका. कनेक्टेड डिव्हाइसच्या लिस्टमध्ये अनोळखी नाव दिसलं तर आधी घरातले सगळे फोन मोजा, हल्लीचे फोन स्वतःचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) बदलून दाखवतात. तरीही एखादं जास्तीचं निघालं तर नुसतं ब्लॉक करू नका, तो अ‍ॅड्रेस बदलून परत येईल, सरळ पासवर्डच बदला.